पहिल्या त्रासाची तारीख

माझं काम लोकांना फोन करून ते जिवंत आहेत का हे पाहणं. मात्र हा प्रश्न सरळ विचारायचा नसतो. "नमस्कार, मी दवाखान्यातून बोलतोय, तब्येत कशी आहे?" एवढं म्हणायचं आणि थांबायचं. पलीकडून कोण बोलतं आणि किती वेळाने बोलतं, यावरून पुष्कळसं कळतं. नवीन लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. त्यांना वाटतं संगणक शिकवतील.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवण्याचा विभाग आहे. तिथे मला चोवीस वर्षं झाली. राहतो मुळशीतल्या चांद्याला. आमची पिढीजात जमीन होती. तिच्यातली काही आहे आणि काहीवर आता खोल्या आहेत. खोल्यांत हिंजवडीला जाणारी मुलं राहतात. रोज जाऊन येऊन साठ किलोमीटर मोटरसायकल चालवतो. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. आहे, संख्याशास्त्र घेऊन. रुग्णाला मी काहीच देत नाही, फक्त विचारतो. कधी निदान झालं, कुठल्या जातीची गाठ, केवढी, कुठवर पसरलेली, शस्त्रक्रियेत पूर्ण निघाली की कापलेल्या कडेला पेशी उरल्या, नंतर काय उपचार झाले, आणि जिवंत असल्याची शेवटची तारीख. या शेवटच्या तारखेसाठीच ते फोन. फोन लागला नाही, माणूस गाव सोडून गेला, तर आम्ही त्याला मेलेला धरत नाही. शेवटची माहीत असलेली तारीख लिहितो आणि तिथे थांबतो. त्या तारखेपर्यंत तो जिवंत होता, पुढचं आम्हाला माहीत नाही, एवढंच म्हणतो. मला हा नियम फार आवडतो. माहीत नाही ते माहीत नाही असं लिहायची मुभा फार थोड्या नोकऱ्यांत असते.

काही माणसं या फोनांची वाट बघतात. पौडच्या पुढे एका वाडीवर एक म्हातारे आहेत. सहा महिन्यांनी फोन केला की उचलल्या उचलल्या ओरडतात, "जित्ता हाय! लिवा!" एकदा मला डेंग्यू झाला आणि त्यांचा फोन तीन आठवडे लांबला. तर म्हणाले, "आवं सायेब, मला वाटलं तुमीच गेला. म्हणलं आता माझं कोन लिवनार?" याच्या उलट एका घरात दर वेळी "राँग नंबर" म्हणत. नंबर बरोबर होता. शेवटी त्या माणसाच्या बायकोने हळू आवाजात सांगितलं, "पोरीला बघाय येत्यात. लगीन होऊस्तोवर तुमी फोन करू नका. ते बरं हायेत." मी त्या दिवशीची तारीख लिहिली आणि वर्षभर फोन केला नाही. मुलीचं लग्न झाल्यावर त्या बाईनेच पेढे घेऊन आमचा विभाग शोधून काढला.

आमच्याकडे सहसा येतात ते गुदाशयाचे कर्करोग एकाच जातीचे. परंतु अधूनमधून भलत्याच जातीची गाठ निघते. त्यातल्या काही इतक्या मवाळ की दुसऱ्याच कारणासाठी दुर्बीण घातली म्हणून सापडतात. माझ्याच एका भाडेकरूला तशी निघाली. लातूरकडचा मुलगा, कंपनीत टीम लीड. छोटी गाठ, दुर्बिणीतूनच काढली. त्याला फोन केला की, "काका, एकदम फाइन, मीटिंगमध्ये आहे," म्हणून बंद करतो. मी खालच्या मजल्यावर असतो, तो वरच्या. तरी नोंद म्हणून फोन करावा लागतो. आणि काही गाठी फार वाईट. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा कर्करोग क्वचित गुदाशयाच्या टोकाला होतो. त्याला मेलानोमा म्हणतात. दिसायला थेट मूळव्याधीसारखा. रक्त पडतं, कोंब लागतो. माणूस मूळव्याधीची औषधं घेत राहतो.

विभागातल्या मॅडमनी, म्हणजे या रोगातल्या आमच्या शल्यविशारद डॉक्टरांनी, अशा दुर्मिळ गाठींच्या रुग्णांचा एक वेगळा तक्ता करायला घेतला. कोण किती जगलं आणि कशामुळे, हे त्यातून पाहायचं. गाठीची जात, आकार, पसरणं, गाठ पूर्ण निघणं, वय, हे रकाने सोपे. कागदपत्रांत सापडतात. अवघड रकाना एकच. पहिला त्रास झाल्यापासून निदान होईपर्यंत किती महिने गेले.

हा रकाना भरणं ही माझी खासियत. सांगायला संकोच नाही. आमच्या मुळशीत माणसाला तारीख विचारली तर सांगता येत नाही. "लई दिस झालं," किंवा "आत्ता आत्ता." त्यात ही जागा अशी, की बाई नवऱ्याशीही बोलत नाही. मी एक वही केली. प्रत्येक वर्षाचे सण, प्रत्येक गावच्या जत्रेचा दिवस, भाताची लावणी कुठे कधी आटोपली, पाऊस कधी उघडला, सगळं तारखांसकट. मग विचारायचं, "गौरी बसल्या तेव्हा होतं का? जत्रेला गेला होता तेव्हा? लावणीला वाकला तेव्हा रक्त होतं का?" माणूस आठवतो. लावणी आठवते, गुडघाभर चिखल आठवतो, आणि त्या चिखलातला त्रासही आठवतो. मग वहीत बघून तारीख काढायची. एका बाईंनी सांगितलं, "आमची कपिला व्याली त्या आठवड्यात." मी पशुवैद्यकाच्या दवाखान्यात जाऊन कपिलाची नोंद पाहिली. मॅडम हसल्या होत्या, पण तारीख त्यांनी घेतली.

आता माझ्या बहिणीचं सांगतो.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घोटावड्याला दिलेली. आमच्या घरापासून तिचं दार मोटरसायकलने वीस मिनिटांवर. आई लवकर गेली, त्यामुळे मला शाळेत घालायला, गणिताच्या वहीवर सही करायला तीच. तिचं शिक्षण सातवी, पण पाढे तिचे माझ्याहून पक्के. माझी बायको अजून म्हणते, तुमचा हा चोखपणा आक्कांचा. आम्ही दोघं भांडायचोही भरपूर. सुट्टीत तिच्याकडे गेलो की मला आधी शिव्या मिळायच्या आणि मग जेवण.

एका भाऊबिजेला ओवाळून झालं, जेवणं झाली आणि मी निघालो. गाडी परसात लावली होती. आक्का फराळाची पिशवी घेऊन मागे आली.

"आप्पा, एक इचारू?"

"विचार की."

"संडासला रगत पडतंय. नवरात्रापासनं."

"मूळव्याध असंल. तिखट कमी कर. रात्री इसबगोल घे."

"तसंच असंल," ती म्हणाली. मग पिशवी हँडलला अडकवता अडकवता, "न्हाई, तू त्या दवाखान्यात असतोस, म्हणून म्हणलं."

"दाखवू की. सुट्ट्या संपू दे, मी सांगतो."

आणि मी सांगितलं नाही. विसरलो, असं म्हणणं सोपं आहे, पण तेही खरं नाही. एकदा-दोनदा आठवलं, वाटलं, बरं वाटलं असेल, नाही तर बोलली असती. माझ्या टेबलावर असले शेकडो फॉर्म होते. 'मूळव्याध समजून दुर्लक्ष' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की हात आपोआप लिहितो. पण त्या फॉर्मांतली माणसं रुग्ण होती. आक्का आक्का होती. तिला असलं काही होईल हे माझ्या डोक्यात येतच नव्हतं.

पुढच्या गौरींना हळदीकुंकवाला वाकताना तिला चक्कर आली. भाची मनीषा हट्टाने रक्त तपासायला घेऊन गेली. हिमोग्लोबिन पाहून तिथल्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, आणि पुढे म्हणजे आमच्याकडेच. तुकडा तपासला. मेलानोमा.

आमच्या विभागात नियम आहे, आपल्या नातलगाचा फॉर्म आपण भरायचा नाही. आक्काचा फॉर्म माझ्या सहकारी शुभांगीताईंनी वॉर्डात बसून भरला. भरलेला प्रत्येक फॉर्म तपासून सही करायचं काम मात्र माझ्याकडे असतं. तो टेबलावर आला तेव्हा मी सवयीने त्या रकान्यावर गेलो. पहिला त्रास: गावच्या जत्रेनंतर. म्हणजे चैत्र. शुभांगीताईंनी माझीच वही उघडून नीट तारीख काढली होती. निदानापर्यंत पाच महिने.

नवरात्रापासून धरले तर अकरा.

मी सही केली नाही. फॉर्म तसाच खणात ठेवला.

शस्त्रक्रिया झाली. पोटावर शौचाची पिशवी आली. आक्का त्या पिशवीलाही शिव्या घालायची आणि स्वतः धुवायची, सुनेला हात लावू द्यायची नाही. भाताची झोडणी चालू होती तेव्हा मी एका दुपारी गेलो. दाजी खळ्यावर होते. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी विषय काढला.

"आक्का, शुभांगीताईंना तू जत्रेनंतर म्हणून का सांगितलंस?"

तिने मान वर केली नाही. "तुला कोनी सांगितलं माझा कागद वाचायला?"

"माझं कामच ते हाय."

"मंग वाचून गप बस की."

"तू भाऊबिजेला मला बोलली व्हतीस. नवरात्रापासनं म्हणलीस."

"बोलली असंन. लई काय काय बोलती मी. तू ऐकतोस का?" आणि मग एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "तो कागद तुझे सायेब वाचनार ना? मंग ते म्हननार, हिचा भाऊ हितंच कामाला, आन् ही बया अकरा म्हैनं काय करत व्हती? तुला चार लोकांत मान खाली घालाय लावू व्हय मी? पाच म्हैनं लिवलंय ते ऱ्हाऊ दे. तुझ्या त्या वहीत सगळं जग खरं बोलतंय, तितं माझं येवढं एक चालवून घे."

"असं चालत नाही आक्का. आकडा चुकतो."

"चुकू दे. माझा हाय तो आकडा."

तिच्यापुढे मला कधीच जिंकता आलेलं नाही. त्या दिवशी मात्र हरून बरं वाटलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. पाच महिने राहू देण्यात माझी सोय होती.

निदानापासून आक्का सतरा महिने जगली. शेवटचे दोन महिने अंथरुणात. तिच्या नावापुढची शेवटची तारीख मीच भरली. तिथे नातलगाचा नियम नाही, मृत्यूचा दाखला लागतो फक्त. तो मीच आणला होता.

यंदा मॅडमचा तक्ता पुरा व्हायला आला. एवढ्या वर्षांच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयातल्या या गाठी, पण सगळ्या मिळून ओळी दोन पानांत मावतात. खणातला तो फॉर्मही मी इतरांबरोबर तसाच त्यांच्याकडे पाठवला होता. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"या एका ओळीवर तुमची सही नाही. फॉर्म तर पूर्ण दिसतोय."

"त्रासाची तारीख चूक आहे, मॅडम."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"तुम्हीच मुलांना सांगता ना, आपल्याला माहीत असणं पुरत नाही, कोणीतरी सांगितलेलं हवं. कोणाला सांगितलं होतं बाईंनी?"

"मला. मी भाऊ आहे."

त्यांनी आडनाव कधी जोडून पाहिलं नव्हतं. सासरचं नाव वेगळंच असतं. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ओळ वगळू शकते मी. माहिती अपुरी, असं लिहून. तुमची इच्छा असेल तर."

खरं सांगतो, मोह झाला. वगळली असती तर आक्काचं खोटं बोलणंही झाकलं जात होतं आणि माझं गप्प राहणंही. पण मग आक्काच त्या दोन पानांतून जात होती. सतरा महिने, पिशवी धुणं, ते तांदूळ, सगळं नसल्यासारखं झालं असतं. आधीच ती कुठे कुठे दिसेनाशी होत चालली आहे. तिचा फोन नंबर दुसऱ्या कोणाला तरी गेलाय. मी लावून पाहिला होता, एक हिंदी बोलणारा मुलगा बोलला.

"राहू दे ओळ," मी म्हटलं. "अकरा महिने लिहितो."

तिथेच बसून चैत्राची तारीख खोडली, घटस्थापनेची लिहिली, बाजूला सही केली. मॅडमनी संगणकावर हिशोब पुन्हा चालवला. मी उभा राहून पाहत होतो. माझ्या मनात काय चाललं होतं ते कोणालाही कळलं असतं. उशिराचा परिणाम होतो असं निघालं, तर ते माझ्यावर. नाही असं निघालं, तर मी सुटलो.

"काय येतंय?" मी विचारलं.

"जात आणि पसरणं, हे ठळक आहे. उशिराचं…" त्या खुर्चीत मागे रेलल्या. "एवढ्या थोड्या ओळींत काही दिसलं तरी खात्रीने सांगता येत नाही आणि दिसलं नाही तरी नाही. हा आजार मुळात वाईट आहे. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत आहे. दुर्मिळ गाठीचं हे असंच असतं. दोष सिद्ध होत नाही आणि सुटकाही होत नाही. चोवीस वर्षं मी लोकांच्या नातलगांना फोनवर हेच जरा गोड भाषेत सांगत आलोय.

त्या रविवारी मी घोटावड्याला गेलो. आक्काचा शब्द मोडला होता, निदान दाजींना ते सांगायला हवं होतं. दाजी एकटेच होते, अंगणात पेंढ्या रचत होते. मी सगळं सांगितलं. परसातली भाऊबीज, इसबगोल, फॉर्म, तिने काय म्हटलं, मी काय खोडलं.

दाजी पेंढी हातात धरून ऐकत होते. मला वाटलं आता चिडतील. चिडायला हवं होतं.

"नवरात्रापासनं?" ते म्हणाले. "मला तर तिनं जत्रा झाल्यावर सांगितलं."

"म्हणजे फॉर्मात लिहिलं ते तुमच्या बाजूनं खरंच होतं."

"मला म्हणली, कालपरवापासनं पडतंय. मी म्हणलं, लावणी होऊ दे, मंग जाऊ. लावणी झाली, मंग तणाची बेणणी निघाली." ते पेंढीवरच बसले. "आप्पा, ती गेल्यापासनं मी रोज धरून चाललोय, सगळा उशीर माझ्यापायी झाला. कोनाला बोललो न्हाई. मनीषाला बी न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसलो. मला येतात ते आकडेच बोललो.

"दाजी, अकरा महिने होते. त्यातले सहा माझे. पाच तुमचे."

"सा तुझे," ते म्हणाले. बोटांवर त्यांनी ते सहा आणि पाच मोजून पाहिले. "म्हंजी तिनं तुला बी वाचवलं, आन् मला बी न्हाई सांगितलं की भावाला आधीच बोललीया."

"व्हय."

"लई आतल्या गाठीची बाई."

आम्ही बसून राहिलो. तिच्या वेळेला या अंगणात कोणी असं नुसतं बसलेलं तिला खपत नसे. मी म्हटलं, "दाजी, मी ते खोडलं म्हणून तिनं मला आज उभा आडवा घेतला असता. खरं सांगू, तेच ऐकायला आलो होतो बहुतेक. ती नसली तरी या दारात ते कुठंतरी ऐकू येईल असं वाटलं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवले, जसे ती ठेवायची, हनुवटी पुढे काढली आणि तिच्याच ठसक्यात सुरू केलं, "मेल्या, मुडद्या, येवढं एक ऐकलं असतंस तर तुझ्या त्या दवाखान्याचं काय…"

आणि तिथेच थांबले. हात कमरेवर तसेच राहिले.

पुढचे शब्द आम्हा दोघांनाही येत होते.